झाडावरचं बांडगूळ ओळखायचं कसं, आणि काढूनही ते परत का येतं

"मागच्या वर्षीच काढलं होतं, तरी परत आलंच." असं सांगत कुणी झाड दाखवायला नेलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: कुठून कापलं होतं? नव्वद टक्के उलगडा तिथेच होतो. हिरवा झुबका तोडलेला असतो, पण त्याचं मूळ फांदीच्या लाकडात तसंच शाबूत असतं. क्वचित याच्या उलटही बघायला मिळतं. बांडगूळ समजून फांदीवरची निरुपद्रवी आमरी (ऑर्किड) ओरबाडून टाकलेली असते, आणि खरं बांडगूळ वर शेंड्यात निवांत वाढत असतं. ही दोन्ही चुकांची झाडं मी इतक्यांदा पाहिली आहेत की आता ओळख पटल्याशिवाय करवतीला हात लावू देत नाही.

लक्षणं

- एखाद्या फांदीवर बाकीच्या झाडापेक्षा वेगळ्या रंगाचा, दाट, गोलसर झुबका दिसतो.
- पानगळ होऊन झाड उघडं पडलं तरी मध्येच एक-दोन पुंजके हिरवेगार राहतात.
- फांदीवर गाठ आलेली असते. गाठीच्या अलीकडे फांदी जाड आणि पलीकडे एकदम बारीक, वाळत चाललेली, किंवा पलीकडे फांदीच उरलेली नसते.
- फळझाडाच्या ठरावीक फांद्यांना मोहोर येत नाही, आला तर फळ धरत नाही. बाकीचं झाड ठीक असतं.
- झाडाखाली त्या झाडाची नसलेली नळीसारखी फुलं पडतात.
- छाटलेल्या जागेतून एकाऐवजी चार-पाच कोंब फुटतात.

यातलं एकच लक्षण दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. नुसता शेंडा वाळायला खोडकिडा पुरतो, मुळाशी साचलेलं पाणी पुरतं. दोन-तीन लक्षणं एकाच फांदीवर जुळली तर मात्र पुढच्या तपासण्या करा, आणि त्या याच क्रमाने करा. पहिल्या तीनला काही खर्च नाही आणि झाडावर चढावंही लागत नाही.

१. खालून, ऊन पाठीशी घेऊन बघा

उन्हाकडे तोंड करून झाड पाहिलं तर सगळेच पुंजके काळे दिसतात आणि काही कळत नाही. सूर्य पाठीमागे ठेवून, झाडाभोवती फिरत, एकेक फांदी खोडापासून शेंड्यापर्यंत नजरेने चढत जा. साग, शिरीष यांसारख्या पानं झडणाऱ्या झाडांवर पानगळीच्या दिवसांत हे काम पाच मिनिटांचं असतं, कारण बांडगूळ आपली पानं झाडासोबत गाळत नाही. आंब्यासारख्या सदाहरित झाडावर रंगातला फरक शोधावा लागतो. आंब्याची जून पानं गडद, चकचकीत हिरवी, तर बांडगुळाची राखाडी छटा असलेली, मंद. सकाळच्या तिरप्या उन्हात हा फरक चटकन डोळ्यात भरतो, भर दुपारी हरवतो.

पुंजके मोजा आणि कागदावर झाडाचा साधा आराखडा काढून खुणा करा. पुढे कुठे थांबायचं हे याच आकड्यावर ठरणार आहे. शिवाय वर्षभराने "परत आलं" म्हणताना ते जुन्या जागी आलं की नव्या, हे आराखड्याशिवाय सांगता येत नाही, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

२. झाडाखाली काय पडलंय ते वेचा

ही तपासणी लोक सोडून देतात, आणि मला ती सगळ्यात आवडते. भारतात सर्वांत जास्त आढळणारं बांडगूळ म्हणजे डेंड्रॉफ्थी फाल्काटा, जुन्या पुस्तकांत ते लोरँथस म्हणून सापडतं. त्याचं फूल बोटाच्या दोन पेरांएवढं लांब, किंचित वाकडी नळी असलेलं, नारिंगी किंवा गुलाबी-लाल, टोकाकडे हिरवट. असं फूल आंब्याखाली पडलेलं दिसलं तर दुसरा पुरावा शोधायची फारशी गरज नाही, कारण आंब्याचं फूल म्हणजे मोहोरातला बारीक कण.

पिकलेली कळी हातात आली तर टोकाशी अलगद दाबून बघा. ती फट्कन उघडते. झाडावर हेच काम फुलटोच्या नावाचा चिमणा पक्षी चोचीने करतो: कळी दाबतो, मध पितो, डोक्याला परागकण लावून पुढच्या कळीकडे जातो.

फळ सापडलं तर तेही चिरडा. आत एकच बी आणि तिच्याभोवती असा चिकटा की बी एका बोटावरून काढली तर दुसऱ्या बोटाला चिकटते, मध्ये तार ओढली जाते. कितीही झटकली तरी सुटत नाही. शेवटी ती मी खरबरीत सालीवर घासूनच काढतो, आणि दर वेळी लक्षात येतं की पक्षीही नेमकं हेच करतो. फुलटोच्याच्या पोटातून बी लवकर बाहेर पडते, शेपटाखाली चिकटून राहते, आणि तो बसल्या फांदीवर ती पुसून टाकतो. बांडगुळाची पेरणी ती हीच. बीला माती लागत नाही, लागते ती जिवंत फांदी.

चिरडल्यावर हात धुवा आणि फळं मुलांच्या हाती लागू देऊ नका. काही जातींच्या बांडगुळांची फळं पोटात गेली तर त्रास होतो.

३. पान ताडून बघा

झाडाचं एक पान आणि संशयित पुंजक्याचं एक पान शेजारी ठेवा. खाली पडलेलं चालेल. बांडगुळाचं पान जाड, चामड्यासारखं असतं, दुमडलं की कट्कन मोडतं. टोक बोथट, शिरा पुसट. आंब्याच्या पानाचं टोक निमुळतं आणि शिरा ठसठशीत. फांदीवर आंब्याची पानं एकाआड एक येतात, डेंड्रॉफ्थीची बहुतेक समोरासमोर, कधी जराशी वरखाली.

मग दोन्ही पानं चुरगाळा. आंब्याच्या पानाला ओळखीचा उग्र वास येतो, बांडगुळाच्या पानाला तो नसतो. चिकूवर संशय असेल तर देठ मोडा: चिकूला पांढरा चीक येईल, बांडगुळाला येणार नाही. हे एवढं ताडून पाहायचं कारण म्हणजे झाडाची स्वतःचीच नवी फूट. जोरात वाढलेले वॉटरशूट, म्हणजे झाडाचेच सरळसोट कोंब, खालून अगदी परक्या झाडासारखे दिसतात, आणि बांडगूळ म्हणून त्यांचीच छाटणी झालेली मी पाहिली आहे.

पानावर एकट्यावर विसंबू नका. ऑस्ट्रेलियात निलगिरीवर वाढणाऱ्या काही बांडगुळांची पानं हुबेहूब निलगिरीसारखी लांब आणि लोंबती असतात. आणि व्हिस्कम गणातल्या काही बांडगुळांना पानंच दिसत नाहीत: चपट्या, हिरव्या, पेरापेराने जोडलेल्या काड्यांचा लोंबता झुबका असतो, फुलं टाचणीच्या डोक्याएवढी. हे व्हिस्कम कधी कधी डेंड्रॉफ्थीवरच वाढलेलं सापडतं, म्हणजे झाडावर बांडगूळ आणि बांडगुळावर बांडगूळ. अशा वेळी वरचं काढून समाधान मानलं तर खालचं तसंच राहतं.

४. जोड बघा: निर्णय इथेच होतो

दुर्बीण असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलचा झूम पुरतो. पुंजका फांदीला कुठे आणि कसा जोडला आहे, एवढंच बघायचं.

बांडगुळाचं खोड फांदीतून उगवल्यासारखं दिसतं. मध्ये माती नाही, मुळांचं जाळं नाही, फांदीला गाठ आणि गाठीतून थेट निघालेली बांडगुळाची काडी. बाहेर दिसते ती गाठ. आत बांडगुळाची शोषकमुळं सालीतून लाकडापर्यंत गेलेली असतात. झाड मुळांतून जे पाणी आणि क्षार वर चढवतं ते ही शोषकमुळं मधल्यामध्ये ओढून घेतात. पानं हिरवी असल्याने बांडगूळ स्वतःचं अन्न बऱ्यापैकी स्वतः तयार करतं, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. पण पाणी मात्र पूर्णपणे झाडाचं, आणि ते वापरताना हात आखडता घेणं त्याला माहीत नाही. उन्हाळ्यात झाड आपली पर्णरंध्रं मिटून पाणी राखतं, तेव्हाही बांडगुळाचा उपसा जोरात चालू असतो. गाठीपलीकडचा शेंडा वाळतो तो यामुळे. पाण्याची ओढ असलेल्या वर्षी जुनं बांडगूळही एकदम "वाढल्यासारखं" वाटतं, त्याचं कारणही हेच. बांडगूळ तेवढंच असतं, झाडाची सहनशक्ती संपलेली असते.

जोड नीट पाहिला की बाकीचे सगळे तोतये गळून पडतात.

आमरी आणि नेचे यांची मुळं सालीच्या वरवर पसरलेली, फांदीला धरून ठेवणारी असतात. आत काही शिरलेलं नसतं, फांदीला गाठ नसते. ही झाडं फक्त बसायला जागा घेतात, त्यांना हात लावू नका.

वड-पिंपळाचं रोप बेचक्यात किंवा ढोलीत उगवतं, मुळं खोडावरून खाली उतरतात, पान तोडलं की पांढरा चीक येतो. ते परजीवी नाही, पण पुढे झाडाला आवळतं, म्हणून लहान असतानाच काढावं.

अमरवेल म्हणजे पिवळसर दोऱ्यांचं जाळं, हिरवं पान नाही. तीही परजीवी, पण वेगळी. तिचे तुकडे जिवंत झाडावर पडले तरी पुन्हा वाढतात, त्यामुळे बांडगुळाचे उपाय तिला लावू नका.

दगडफूल, शेवाळ सालीवरच. सोडून द्या.

आंब्यावर मोहोराचे किंवा पानांचे आखडलेले गच्च गुच्छ येतात, ती विकृती आहे. तिथली पानं लहान, वेडीवाकडी असली तरी आंब्याचीच असतात आणि चुरगाळली की वास आंब्याचाच येतो.

५. हाताला येणाऱ्या फांद्या चाचपा

मोठे पुंजके सगळ्यांना दिसतात. वर्षभरात परत येतात ती मात्र दुर्लक्षित राहिलेली बारीक रोपं. पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांद्यांवर, पक्षी बसतात त्या उंचीवर, चिकटलेल्या बिया शोधा. रुजलेल्या बीतून सुतळीएवढी हिरवी दांडी निघते, वाकून सालीकडे जाते आणि टोकाला बारीक चकती होऊन चिकटते. या टप्प्यावर ती नखाने खरवडता येते, आणि झाडाला काही इजा होत नाही. अर्ध्या तासात अशी वीस-तीस रोपं काढता येतात. पुढच्या दोन-तीन वर्षांची छाटणी त्या अर्ध्या तासात वाचते.

डेंड्रॉफ्थीत आणखी एक गोष्ट तपासा, आणि वारंवार परत येण्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं. पहिल्या जोडाच्या जवळून याची मुळं फांदीच्या सालीवरून सापासारखी पुढे सरकतात आणि ठिकठिकाणी पुन्हा आत घुसतात. प्रत्येक ठिकाणाहून नवा कोंब फुटू शकतो. आंब्याच्या एकाच फांदीवरून मी लागोपाठ तीन वर्षं झुबका अगदी सालीसपाट कापला होता. चौथ्या वर्षी फांदीच कापून खाली आणली, उभी चिरली, तेव्हा कळलं. गाठीतून लाकडात पाचरीसारखे वेगळ्या रंगाचे पट्टे उतरलेले होते, आणि सालीवरून वितभर पुढे गेलेल्या मुळावर अशाच तीन लहान पाचरी होत्या. मी दर वर्षी एक तोंड बंद करत होतो आणि तीन उघडी ठेवत होतो.

काढायचं असेल तर

फांदी बारीक असेल आणि जमिनीवर उभं राहून हाताला येत असेल तर झुबका तोडत बसू नका, फांदी कापा. जोडापासून खोडाच्या बाजूला किमान ३० सेंमी अंतर सोडा, म्हणजे आत पसरलेली शोषकमुळंही त्या तुकड्याबरोबर जातात. सालीवर सरकतं मूळ दिसत असेल तर ३० सेंमी त्याच्या शेवटच्या टोकापासून मोजा. काप शक्यतो पुढच्या बेचक्यापाशी घ्या, मध्येच ठूठ ठेवू नका, ते कुजतं. फांदी मनगटाएवढी असेल तर आधी खालून थोडी खाच, मग थोडं पुढे जाऊन वरून काप, आणि उरलेला तुकडा शेवटी. एकाच कापात सोडलं की फांदी पडताना खोडाची साल सोलत जाते. ती जखम बांडगुळापेक्षा महाग पडते.

बांडगूळ मुख्य खोडावर किंवा जाड फांदीवर असेल तर ती कापून चालणार नाही. तिथे झुबका सालीसपाट कापा आणि त्या जागेभोवती काळ्या जाड प्लॅस्टिकचे दोन-तीन थर घट्ट गुंडाळून बांधा. उजेड मिळाला नाही की नवे कोंब तगत नाहीत. धीर धरावा लागतो, दोन वर्षंही लागू शकतात, आणि प्लॅस्टिक फाटलं तर बदलावं लागतं. दोरी झाडाला रुतत नाही ना, हे मात्र दर काही महिन्यांनी बघा. तेवढंही जमत नसेल तर दर वर्षी फळं धरण्याआधी झुबका तोडत राहा. बांडगूळ मरणार नाही, पण फळ नाही तर नवी पेरणीही नाही.

वेळ फळं पिकण्याआधीची. तोडलेले झुबके जमिनीत रुजत नाहीत, पण पिकल्या फळांसकट झाडाखाली टाकले तर पक्षी ती उचलतात, म्हणून गोळा करून दूर करा.

तणनाशक फवारायचा किंवा फांदीत टोचायचा सल्ला बरेच जण देतात. मी तो देत नाही. बांडगूळ आणि झाड एकाच नळाला जोडलेले आहेत. त्यातलं एक मारायला घातलेलं औषध दुसऱ्याला लागणार नाही याची हमी घरच्या घरी कुणालाच घेता येत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- जमिनीवर पाय ठेवून फांदी हाताला किंवा लांब दांड्याच्या करवतीला येत नसेल. शिडीवर चढून करवत चालवू नका. वजनाने सुटलेली फांदी शिडीवरच येते.
- जवळून विजेची तार जात असेल. अंतर कितीही सुरक्षित वाटलं तरी हे काम वीजपुरवठा करणाऱ्यांचं.
- आराखड्यावरच्या खुणा निम्म्याहून जास्त मुख्य फांद्यांवर असतील. एका हंगामात एवढी छाटणी झाडाला सोसत नाही, ती दोन-तीन वर्षांत वाटून करावी लागते, आणि कुठली फांदी आधी हे अनुभवाने ठरतं.
- खोडाला ढोली, बुंध्याशी अळंबी, किंवा झाड एका बाजूला कललेलं. इथे बांडगूळ ही दुय्यम गोष्ट आहे.
- झाड तुमचं नसेल. सार्वजनिक झाडाच्या छाटणीला परवानगी लागते, ती आधी घ्या.

काढायलाच हवं का, हेही बघा

फळबागेत माझं उत्तर हो आहे. रानातल्या, माळावरच्या धडधाकट झाडावर एक-दोन झुबके असतील तर मी ते सोडतो. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवरच वाढतात. पिवळ्या-लाल पंखांची ही फुलपाखरं शेंड्याभोवती घिरट्या घालताना दिसली तर वर झुबका असणार, हीसुद्धा ओळखीची एक खूण. फुलटोच्याचं तर पोटच बांडगुळावर. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग यांनी काही रानांतून सगळी बांडगुळं काढून पाहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे एक पंचमांशाने घटल्या.

काढल्यानंतर

पहिली पाहणी सहा महिन्यांनी, दुसरी वर्षाने, आराखडा हातात घेऊन. जुन्याच खुणेवर कोंब आला तर काप अपुरा पडला, आणखी मागे जाऊन कापा. नव्या जागी आला तर बी बाहेरून आली आहे. मग आपलं झाड सोडून आजूबाजूची झाडं बघा, विशेषतः पक्षी जिथून उडून येतात ती. तिथल्या झुबक्यांची फळं चालू राहिली तर आपल्याकडची रोपं दर वर्षी खरवडावी लागतील.

मेलेल्या बांडगुळाच्या जागी कधी कधी फांदीवर लाकडाचं, पाकळ्या उमलल्यासारखं, कोरीव दिसणारं फूल उरतं. पाहून घाबरू नका. शोषकमुळांभोवती झाडाने वाढवलेलं ते स्वतःचंच लाकूड असतं. ते कोरडं, ठणठणीत असेल आणि आसपास कुठेही हिरवा ठिपका नसेल तर त्या जागेवर आराखड्यात फुली मारा.